उजेडाची खोली

१

रोज सकाळी प्रसेनजीत दारात चपला काढायचा, पायांवर औषधाचं पाणी घ्यायचा, पांढरा झगा आणि टोपी चढवायचा आणि एकामागून एक तीन दारं उघडून आत जायचा. पहिल्या दाराशी हायवेची धूळ राहायची, दुसऱ्याशी ट्रकांचा आवाज राहायचा, आणि तिसरं दार उघडलं की ग्रोथ रूम. कामावरच्या बायका तिला उजेडाची खोली म्हणत. खिडकी एक नाही, पण लोखंडी मांडण्यांच्या प्रत्येक फळीवर ट्यूबलाइट, आणि फळीफळीवर ओळीनं काचेच्या बाटल्या. बाटलीच्या तळाला खाद्याचा घट्ट थर आणि त्यात रुतलेली, नखाएवढ्या पानांची जरबेराची रोपं. आतली हवा गार, कोरडी, कशाचाच वास नसलेली. प्रसेनजीतला ती हवा फार आवडायची.

साल दोन हजार एक. कोल्हापूरहून कागलकडं जाताना उसाच्या फडांमध्ये ही टिश्यू कल्चरची शेड भूपाल अण्णांनी उभी केली होती. अण्णा जैन, पिढ्यान्‌पिढ्यांचे ऊसवाले. म्हातारपणी त्यांना फुलांचा नाद लागला होता. एका चांगल्या झाडाचा टाचणीच्या डोक्याएवढा कोंब घ्यायचा आणि त्यातनं हजारो रोपं करायची, सगळी एकसारखी, सगळी रोग नसलेली. पण इतक्या रोपांत एखादं बिघडतंच. दिसायला तेच, पण फूल आलं की पाकळी वाकडी, रंग फिका. ते बिघडलेलं रोप आधीच पकडायचं काम प्रसेनजीतकडं होतं. पानाचा चिमूटभर तुकडा वाटायचा, त्यातनं डीएनए काढायचा, मशीनला लावायचा, आणि शेवटी जांभळ्या उजेडाखाली उमटणाऱ्या रेघा मूळ झाडाच्या रेघांशी ताडून बघायच्या. रेघा जुळल्या की रोप पास.

"ह्याच्या नजरेतनं फरक सुटत नाही," अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे.

आषाढातल्या एका सकाळी तानाबाई दुसऱ्या दाराशीच थांबलेली दिसली. बाटल्यांतली रोपं कापून नव्या बाटल्यांत लावणाऱ्या बायकांत ती सगळ्यात जुनी.

"सर, आत कोन हाय?"

"कुणी नाही. किल्ली माझ्याकडं आहे."

"मग खोकलं कोन?"

प्रसेनजीतनं दार उघडलं. मांडण्यांच्या मधनं शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन आला. बाटल्या, ट्यूबलाइट, एसीची घरघर. बाहेर येऊन तो म्हणाला, "एसीच्या नळीत पाणी अडकलंय. बोलावतो मिस्त्रीला."

तानाबाई बरं म्हणाली आणि कामाला लागली. त्यानं तिसरं दार ओढून घेतलं, आणि ते बसता बसता आतून आवाज आला. एक लांब खोकला, त्याच्यामागं एक तोडलेला, आणि शेवटी घसा साफ करून "हं".

कडीवर हात ठेवून प्रसेनजीत तसाच उभा राहिला. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. त्या खोकल्यावर तो लहानाचा मोठा झाला होता.

२

प्रसेनजीतचा बाप धोंडीराम कोल्हापुरात महापालिकेच्या गटारी साफ करायच्या कामावर होता. गडमुडशिंगीहून अंधारात सायकलवर निघायचा आणि दुपार कलताना परत यायचा. चेंबरात उतरून उतरून छातीत खोकला बसला होता. सायकल गल्लीत वळायच्या आधी खोकला घरात यायचा आणि शालन चुलीवर पाणी ठेवायची. त्याच कामावर धोंडीरामनं पोराला एमएस्सी केलं. पोराच्या शिक्षणाबद्दल तो कुणाजवळ बढाई मारायचा नाही; कुणी विचारलंच तर नुसता हसायचा.

प्रसेनजीत अण्णांकडं नोकरीला पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी सहज विचारलं होतं, "वडील काय करतात?"

"वडील नाहीत," प्रसेनजीत म्हणाला.

'वडील नाहीत शिकलेले' असं काहीतरी आपल्याला म्हणायचं होतं, असं त्यानं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण अण्णांनी तिथंच हात वर केला आणि "अरेरे" म्हणाले, आणि त्यानं ते वाक्य तसंच राहू दिलं. त्या दिवसापासून अण्णा त्याच्याशी जरा जास्तच मायेनं वागायचे. बापाविना पोर म्हणून आंब्यांच्या दिवसांत पेटी द्यायचे. ती पेटी घरी आणली की धोंडीराम आंबा चोखत म्हणायचा, "मालक देवमाणूस हाय बग तुजा."

तानाबाईनं खोकला ऐकला त्याच्या आदल्या दिवशी प्रसेनजीत डबा विसरून आला होता. दुपारी बंगळूरचे दोन व्यापारी आले होते, आणि अण्णा त्यांना घेऊन पोर्चमध्ये उभे होते. प्रसेनजीत त्यांना फुलांचे फोटो दाखवत होता. तेवढ्यात गेटवरचा वॉचमन आकाराम पळत आला.

"सर, पावणं आल्यात. डबा घिऊन. तुमचं वडील हाय म्हनत्यात."

सगळ्यांनी गेटकडं बघितलं. धोंडीराम कामावरून घरी जाऊन, डबा उचलून तसाच आला होता. खाकी कपडे मांडीपर्यंत भिजलेले, गमबूट, हातात टॉवेलात बांधलेला डबा. एवढ्या लांबून सायकल हाणल्यामुळं धाप लागली होती. वारा गेटकडून येत होता, आणि वाऱ्याबरोबर त्याचा वास.

"याचे वडील तर वारले की," अण्णा म्हणाले.

प्रसेनजीतनं हातातले फोटो सारखे केले. आणि मग त्यानं ते केलं. दोन बोटं कपाळाच्या कडेला लावून फिरवली आणि हसला.

"गावातले आहेत आमच्या. डोक्यानं जरा हे आहेत. सगळ्यांनाच पोरगा म्हणतात."

गेट काही लांब नव्हतं. धोंडीरामनं ऐकलं. तो खोकला, एक लांब आणि एक तोडलेला, आणि घसा साफ करून पाहुण्यांना हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "व्हय सायेब. आसंच म्हनतो मी सगळ्यास्नी. पोरं गुनाची असली की म्हनावं वाटतंय."

व्यापारी हसले. अण्णाही हसले. धोंडीरामनं डबा आकारामच्या हातात दिला. प्रसेनजीत मान वर न करता फोटो उलटत राहिला, आणि मान वर केली तेव्हा गेटवर कुणी नव्हतं. सायकल कुठल्या बाजूला गेली ते त्यानं पाहिलं नाही. डबा त्यानं खाल्ला नाही. टॉवेलासकट कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

३

त्या संध्याकाळी धोंडीराम उशिरा घरी आला. तो आला हे कळलंच नाही. शालननं वळून बघितलं तर उंबऱ्यात उभा. खोकला नाही, सायकलचा आवाज नाही.

"आज खोकला कुटं टाकून आलासा?" तिनं हसत विचारलं.

"ठेवला तिकडंच," तो म्हणाला आणि तोही हसला.

आंघोळ करून जेवायला बसला. डब्याचा विषय निघाला नाही. प्रसेनजीत भाकरीकडं बघून जेवत होता. बाप आता काहीतरी बोलेल, मग बोलेल, असं म्हणत तो ताटात भाकरी कुस्करत राहिला. धोंडीराम पोटभर जेवला, बुद्धाच्या तसबिरीपुढं हात जोडले आणि झोपला. भिंतीपलीकडून रात्रभर एक आवाज आला नाही.

नंतरच्या दिवसांत धोंडीराम पालटतच गेला. साहेबांनी हापिसात बसवलंय म्हणाला; गमबूट गेले, धुतलेला पांढरा शर्ट आला. पाठ सरळ झाली. विडी सुटली. शालन शेजारणींना सांगायची, "कोन वैद न्हाय, कोन डाक्टर न्हाय, आपसूक बरं झालं बगा." आणि प्रसेनजीतला बरं वाटत होतं. एका रविवारी त्यानं बापाला मोटारसायकलवर मागं बसवून कोल्हापुरात नेलं. वाटेत अण्णांच्या ओळखीचा एकजण भेटला, थांबून बोलला, आणि प्रसेनजीतला लाज वाटली नाही. घरी आल्यावर आपल्याला लाज वाटली नाही हे ध्यानात आलं, आणि त्याचीच लाज वाटायला लागली.

त्याच रात्री जेवताना त्याचं लक्ष बापाच्या हाताकडं गेलं. फार वर्षांपूर्वी चेंबरचं लोखंडी झाकण पडून धोंडीरामच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेर गेलं होतं. ताटावर टेकवलेल्या डाव्या हाताचं ते बोट आखूड होतं.

प्रसेनजीतनं पुन्हा नीट बघितलं. त्याच्या मनात ते बोट उजव्या हाताचं होतं.

४

माणसाचं डोकं अशा वेळी भराभर कामाला लागतं. प्रसेनजीतनं आठवायचा प्रयत्न केला. लहानपणी बापाचा हात धरून तो शाळेला जायचा. त्याच्या मुठीत ते आखूड बोट यायचं, गुळगुळीत, नख नसलेलं. पण कुठला हात? रस्त्याच्या कुठल्या कडेनं चालायचो आपण? कधी वाटे हा, कधी वाटे तो. फोटो बघावा म्हटलं तर घरात बापाचा एकच फोटो होता, लग्नातला, बोट जायच्या आधीचा. पदवीदान समारंभाला प्रसेनजीतनं त्याला नेलं नव्हतं. पास मिळत नाहीत म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई एकटी भांडी घासत होती तेव्हा तो जवळ जाऊन बसला.

"आई, बाबांचं बोट कुठल्या हाताचं गेलंय?"

"डाव्या. का रं?"

"उजव्या नव्हे?"

शालननं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "आसं कसं इचारतोस? रोज समोर जेवत्यात की. तू कधी बगितलास त्यांचा हात?"

त्यानं बघितला नव्हता. कॉलेजला जायला लागल्यापासून बापाच्या हाताकडं, नखांकडं, पायांच्या भेगांकडं बघायचं त्यानं टाळलं होतं. फरक पकडायचा तर मूळ नीट बघितलेलं असावं लागतं, हे तो रोज बायकांना शिकवायचा.

संध्याकाळी धोंडीराम अंगणात बसला होता. प्रसेनजीत धीर करून म्हणाला, "बाबा, त्या दिवशी गेटवर माझं चुकलं."

"कुटल्या गेटवर?"

"आमच्या शेडच्या. तुम्ही डबा घेऊन आलात तेव्हा."

धोंडीरामनं त्याच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दुखावलेपण नव्हतं, काहीच लपवलेलं नव्हतं. "मी कवा आलतो तुज्या शेडवर?" तो म्हणाला. "मला तर वाट बी म्हाईत न्हाय."

त्या दिवशी सायबांपुढं झाकलं तसंच हा आताही झाकतोय, प्रसेनजीतनं मनाला सांगितलं. माझा बाप तसाच आहे. पण त्या दिवशी गेटवर बोलताना बापाच्या ओठांचा थरकाप त्यानं पोर्चमधूनही पाहिला होता. आता समोरचे ओठ अगदी स्थिर होते.

५

शेडमध्ये वास यायला लागला तो श्रावणात. आधी शेवटच्या मांडणीशी, मग मधल्या वाटेत. ज्या खोलीत कशाचाच वास नव्हता तिथं गटारीचा वास. अण्णांनी गवंडी बोलावून फरशी उकरली. खाली मुरूम निघाला, पाइप नाही, नाला नाही.

त्यामागोमाग शेवटच्या मांडणीवरच्या बाटल्या खराब व्हायला लागल्या. खाद्यावर आधी पांढरी लव, मग काळे ठिपके, मग रोप वितळून जायचं. अशी बाटली उघडायची नसते. तशीच उचलून वाफेच्या भांड्यात टाकायची. पण प्रसेनजीतला त्या बाटल्यांत दुसरंही काहीतरी दिसलं. बाटल्यांच्या बाहेरच्या काचेवर, एका ठरावीक उंचीवर, ओलसर डाग होते. माणूस उकिडवा बसून मांडणीला हात टेकवील तेवढी ती उंची. त्यानं फडक्यानं ते पुसले. दुसऱ्या दिवशी परत होते.

तानाबाईनं आत जायचं बंद केलं. "आमी काय भित्री मान्सं न्हवं सर," ती म्हणाली. "भुताबिताचं मी काय म्हनत न्हाय. पन आत कोनतर मान्सात न येता बसलंय. खोकला दाबतंय. टॉवेल तोंडात धरून खोकल्यावानी आवाज येतोय. मला त्याची भीती न्हाय वाटत, कीव येती. मग हात थरथरत्यात, मग रोप कापाय येत न्हाय."

"एसीचा आवाज आहे, तानामावशी."

"आसंल," ती म्हणाली. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तुमी का घाम पुसालाय मग?"

६

रविवारी दुपारी शेडला सुट्टी होती. प्रसेनजीत किल्ली घेऊन आला. कपाटाचं कुलूप काढलं. डबा कधीच फेकला होता, पण टॉवेल तसाच होता, घामानं कडक झालेला. त्याच्या विणीत काही पिकले केस अडकलेले होते. दुसऱ्या पुडीत त्यानं घरून केस आणले होते, सकाळी बापाच्या फणीतून काढलेले.

आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. मशीन फुलांसाठी होतं, औषधं फुलांसाठी होती. शिकलेल्या माणसानं हे करू नये. पण त्यानं केसांची मुळं कापली, वाटली, धुतली, नळ्या लावल्या, आणि मशीन चालू होतं तोवर खुर्चीवर हात मांडीवर घेऊन बसून राहिला. चोरासारखं वाटत होतं. बापाची चोरी पकडतोय की आपली, हे कळत नव्हतं.

शेवटी जांभळ्या उजेडाखाली रेघा उमटल्या. टॉवेलातल्या केसांच्या एका ओळीत, फणीतल्या केसांच्या शेजारच्या ओळीत. त्यानं पट्टी लावून बघितल्या. सगळ्या रेघा जुळत होत्या.

त्यानं मोठा श्वास सोडला. एकच माणूस. आपलाच बाप. मन खातंय म्हणून हे सगळं दिसतंय. तो स्वतःशी हसलासुद्धा. रेघा उमटलेली जेलची पातळ वडी टाकून द्यायला त्यानं हात पुढं केला आणि तिथंच थांबला.

इथल्या हजारो रोपांच्या रेघा अशाच जुळायच्या. ज्या झाडाचा कोंब कापून आणला त्या झाडाशी त्या जुळायच्या, म्हणूनच तर रोप पास व्हायचं. रेघा दोघांत फरक आहे का तेवढंच सांगत होत्या. दोघांतलं मूळ कोण आणि त्याच्यापासून केलेलं कोण, ते त्या सांगत नव्हत्या.

तिसऱ्या दाराच्या पलीकडं कुणीतरी खोकलं. एक लांब. दुसरा टॉवेलात दाबल्यासारखा. प्रसेनजीतनं दिवे मालवले, टॉवेल उचलला आणि पळत बाहेर आला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि हायवेवरून ट्रक चालले होते.

७

"धुरी द्यायची," अण्णा म्हणाले. अर्ध्या मांडण्या तोवर खराब झाल्या होत्या. बंगळूरच्या व्यापाऱ्यांची मागणी हातची जाणार होती आणि बायकांची कामं थांबली होती. "सगळ्या बाटल्या काढ. खोली रिकामी कर. फॉर्मलिन सोड आणि दार बंद करून टाक. उद्या उघडू."

फॉर्मलिनच्या धुरात काही जगत नाही. बुरशी नाही, जंतू नाही, माशी नाही. धुरी द्यायच्या आधी खोलीत कुणी नाही हे बघून घ्यायचं आणि दाराच्या फटींना चिकटपट्टी लावायची, हे काम पहिल्यापासून प्रसेनजीतचं होतं.

दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. नुसत्या मांडण्या उरल्या, आणि ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. तोंडाला जाड मास्क लावून प्रसेनजीत मधल्या वाटेत भांडं घेऊन गेला. भांड्यात पूड होती, वरून औषध ओतलं की धूर सुटणार. अण्णा दुसऱ्या दारात नाकाला रुमाल लावून उभे होते, त्यांच्यामागं आकाराम.

औषध ओतलं. भांडं खदखदलं. वळता वळता त्यानं पुन्हा एकदा शेवटच्या मांडणीकडं बघितलं.

मांडणीच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठ दिसत होती, भिजलेली खाकी पाठ, आणि मांडणीचा गज धरलेला उजवा हात. त्या हाताचं एक बोट आखूड होतं. चारचौघांत आपली अडचण नको म्हणून कोपऱ्यात सरून बसणारं माणूस जसं बसतं तसं ते बसलं होतं. चेहरा भिंतीकडं होता. तो वळला नाही. प्रसेनजीतला वाटलं, आपल्याला तोंड दाखवायला लागू नये, म्हणून तो वळत नाहीये.

धूर वर चढत होता.

"प्रसेनजीत, आत कोणी नाही ना?" अण्णांनी दारातनं हाक दिली. "नीट बघ, बाबा."

त्याला ओरडायचं होतं. त्याला पुढं होऊन त्या काखेत हात घालून त्या माणसाला उठवायचं होतं. पण अण्णा आत आले तर काय सांगायचं? हा कोण, इतके दिवस आत कसा, आणि तू याला ओळखतोस का? ते सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. भिंतीकडं तोंड केलेलं ते डोकं किंचित हललं. नकारार्थी. पोराला सांगावं, असू दे, तसं.

"कोणी नाही, अण्णा," प्रसेनजीत म्हणाला.

तो बाहेर आला. दार ओढलं. वरच्या फटीला पट्टी लावली, मग बाजूच्या, मग खालच्या. बोटं नीट चालत होती. पलीकडून खोकला आला, एक लांब, एक तोडलेला. मग नुसता लांब. अण्णा आकारामशी बोलत होते. त्यांना काही ऐकू येत असल्याचं दिसलं नाही. खालची पट्टी बोटानं दाबून बसवताना प्रसेनजीतनं कान दाराला टेकवला. घसा साफ करून म्हटलेलं "हं" एकदा आलं, सरळ त्याच्या कानाशी, दाराला तोंड लावून म्हटल्यासारखं. त्यानंतर काही नाही.

८

दुसऱ्या दिवशी खोली उघडली तेव्हा आत कुणी नव्हतं. वास गेला होता. हवा पुन्हा गार, कोरडी, कोरी. तानाबाई आत गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि डोळ्यांना पदर लावला. का, ते ना तिनं सांगितलं, ना त्यानं विचारलं. शेवटच्या मांडणीवर नवीन बाटल्या लागल्या आणि त्यातली एकही खराब झाली नाही. बंगळूरचा माल वेळेवर गेला.

दिवाळीनंतर अण्णांनी दुसरी शेड बांधायला घेतली. पायाभरणीला सगळ्या कामगारांनी घरच्यांना घेऊन यायचं, असं त्यांनी सांगितलं. "आईंना आण हं," प्रसेनजीतला म्हणाले. पण शालनचे गुडघे धरले होते. "तुज्या बाबास्नी ने की," ती म्हणाली. धोंडीराम आधीच पांढरा शर्ट-पायजमा घालून अंगणात तयार उभा होता.

वाटेत मोटारसायकलवर प्रसेनजीतनं ठरवलं की आज सांगायचं. 'अण्णा, हे माझे वडील. मी तेव्हा खोटं बोललो.' नोकरी गेली तर जाऊ दे. पाठीमागं बसलेला माणूस आपला बाप असो की नसो, एकदा चारचौघांत मोठ्यानं ते म्हणायचं. जो त्या कोपऱ्यात बसला होता त्याच्यासाठी म्हणायचं. गेटापाशी येईपर्यंत त्यानं ते वाक्य कितीतरी वेळा तोंडातल्या तोंडात घोळवलं.

गेटवर आकारामनं धोंडीरामला पहिल्यांदाच बघावं तसा नमस्कार केला.

मांडवात अण्णा पुढं आले. बायका, व्यापारी, गावातली प्रतिष्ठित माणसं बसली होती. प्रसेनजीत एक पाऊल पुढं झाला.

"अण्णा, हे माझे..."

"मी याचा चुलता," शेजारचा माणूस हात जोडून म्हणाला. आवाज स्वच्छ होता, शब्द शहरातल्यासारखे. "याचे वडील वारले ना. तेव्हापासून घरात मीच आहे."

घरात प्रसेनजीतनं ते खोटं कुणाला सांगितलं नव्हतं. ते ऐकलं होतं फक्त गेटवर डबा घेऊन आलेल्या माणसानं, आणि हा तर त्या गेटवर कधी आलोच नव्हतो म्हणाला होता.

"बरं झालं," अण्णांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "पोराला मोठा आधार आहे तुमचा. होय की नाही रे?"

सगळे प्रसेनजीतकडं बघत होते. तो माणूसही बघत होता, मायेनं. वाट बघतोय असं दिसत होतं, घाई मात्र काही नव्हती.

प्रसेनजीतनं होकारार्थी मान हलवली.

"या, तुम्हाला शेड दाखवतो," म्हणत अण्णा त्या माणसाला आत घेऊन गेले. प्रसेनजीत मांडवातच उभा राहिला. तानाबाई ताट घेऊन आली. तिनं त्याच्या तोंडाकडं बघायचं टाळलं आणि त्याच्या हातावर पेढा ठेवला. तो त्यानं खाल्ला.